वर्गणी नको, तुमचा एक तास द्या : दोनशिक्षकी शाळेत गाव कसं आणायचं

माझी शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, माण तालुक्यातल्या एका वस्तीवरची. खोल्या दोन, शिक्षक दोन, मुलं तिसाच्या आसपास. अशा शाळेत ‘लोकसहभाग’ शब्द उच्चारला की समोरचा माणूस खिसा चाचपतो नाहीतर वाट बदलतो. त्याचा दोष नाही. रंगरंगोटी, टीव्ही, कंपाउंड, गेट यांसाठी आपणच वर्षानुवर्षं पावतीपुस्तक घेऊन फिरलोय. गळक्या पत्र्याला पैसेच लागतात, ते मागावेतच. पण वस्तीवरच्या माणसांच्या हातात जे आहे ते पावतीपुस्तकात मावत नाही, आणि मुलांना त्याचीच जास्त गरज असते. ते शाळेत कसं आणायचं, याची माझी रीत खाली लिहिते. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आहे. मोठ्या शाळेत जमेलच असं नाही.

आधी वही

जूनमध्ये एक शंभरपानी वही घ्या आणि घरटी एक पान ठेवा. माहिती तिसरी-चौथीच्या मुलांनी आणायची, आपण नाही. मात्र प्रश्न नीट द्या. ‘तुमचे वडील काय करतात?’ विचारलं की सगळीकडून ‘शेती’ येतं आणि वही मेली. त्याऐवजी विचारायला सांगा : आपल्या घरात मापायला काय आहे? कापायला काय आहे? जोडायला, शिवायला, बांधायला काय आहे? ते कुणाला चालवता येतं? मग ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायचं दोऱ्याचं वजन) निघतो, धान्य मापायची पायली निघते, शिवणयंत्र, दाभण, लोकर कातरायची कात्री, वेल्डिंगचं मशीन, माळ्यावर पडलेली तागडी. हत्यारामागोमाग माणूस येतो. पानाच्या खाली एवढंच : हे माणूस कधी मोकळं असतं?

या वहीत जातीचा रकाना नको. आपल्याकडं कसब आणि जात यांची गाठ इतकी घट्ट आहे की थोडं दुर्लक्ष झालं तर शाळाच ती आणखी आवळते. ‘तू कुंभाराचा ना, तुला चाक फिरवता यायलाच पाहिजे’ हे वाक्य वर्गात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. ज्याचे वडील किंवा आई काम दाखवायला आलेत त्या मुलाला त्या दिवशी मदतनीस करू नका, दुसरं मूल घ्या. आणि बाया म्हणजे शिवण-टिपण, बाप्ये म्हणजे हत्यारं अशी वाटणीही नको. आमच्याकडं ट्रकवर असणाऱ्या एका वडलांनी मुलांना स्टोव्हवर पिठलं करून दाखवलं. रस्त्यात डाळ शिजायची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून पिठलं, हे त्यांनी सांगितल्यावर मुलांच्या प्रश्नांना अंत राहिला नाही.

मागायचं कसं

चिठ्ठी पाठवू नका, ग्रुपवर मेसेज तर मुळीच टाकू नका. घरी जा, ओट्यावर बसा. ‘शाळेत येऊन मुलांना मार्गदर्शन करा’ म्हटलं की माणसाला माईक, नारळ आणि टोपी दिसते. तो ‘बघू की’ म्हणतो आणि त्या दिवशी नेमका दहिवडीला जातो. त्याऐवजी काम सांगा, वस्तू सांगा, वेळ सांगा. ‘तात्या, शनिवारी नऊला ओळंबा आणि गुण्या घेऊन या. व्हरांड्याचा खांब सरळ हाय का नाय, एवढं पोरांला दाखवायचं. दहाला मोकळं.’ याला नकार देणं अवघड असतं, कारण त्यात भाषण नाही. दहा म्हटलं की दहाला सोडा, त्यांची इच्छा असली तरी. पुढच्या वेळचं बोलावणं त्यावरच ठरतं.

शाल-श्रीफळ नको. चहा पुरे.

शनिवार यासाठी सोयीचा. सकाळची शाळा असते, आणि २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम शासनानेच दिलाय, त्यामुळे वेळेचं उत्तर कुणाला द्यावं लागत नाही.

पहिला तास गवंड्याचा

सुरुवात गवंड्यापासून करा असं मी सगळ्यांना सांगते. त्याचं काम गावाला दिसतं, हत्यारं मुलांच्या हातात देता येतात, आणि त्या एका तासात चारी वर्गांना पुरेल एवढं गणित असतं.

आदल्या दिवशी मुलांकडून अंदाज लिहून घ्या : कोणता खांब वाकडा वाटतो, कोणत्या खोलीचा कोपरा काटकोनात असेल. अंदाज आधी लिहिला असला तरच उद्या तपासण्यात जीव असतो. त्याच दिवशी एक सुतळी घेऊन तिला सारख्या अंतरावर खुणा करून ठेवा, बारा भाग पडतील अशा.

तात्या आले की पहिल्या पंधरा मिनिटांत फक्त ओळंबा. दोरा वर धरायचा, वजन खाली स्थिर होऊ द्यायचं, दोरा आणि भिंत यांच्यातलं अंतर वर आणि खाली सारखं आहे का बघायचं. पहिली-दुसरीचं काम इथंच : उभं, आडवं, तिरकं हे शब्द घेऊन शाळाभर हिंडायचं आणि प्रत्येकाच्या पाच-पाच वस्तू शोधायच्या. तिसरीनं पट्टीनं ते अंतर मोजून लिहायचं. नंतर चौथीसाठी सुतळी. तिची टोकं जोडून तीन भाग, चार भाग आणि पाच भाग अशा तीन बाजूंचा त्रिकोण ताणला की तीन आणि चारच्या मधला कोपरा काटकोनच होतो. गवंडी पाया आखताना हेच करतात, फक्त फुटांत : एका बाजूला तीन, दुसरीला चार, तिरकस पाच आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. चौथीला याचं कारण सांगायच्या भानगडीत पडू नका. खोलीचे चारी कोपरे तपासू द्या. आमच्या स्वयंपाकखोलीचा एक कोपरा गुण्याबाहेर निघाला, तेव्हा तात्यांनी ‘ते मी नाय बांधलं’ हे आधी जाहीर केलं.

गवंड्याच्या बोलण्यात सूत येतं. एका इंचाची आठ सुतं. पट्टीवर इंचाची बाजू असते, ती शाळेत कुणी बघत नाही. मुलांना ते आठ बारीक भाग दाखवा. अर्धा, पाव, आठवा भाग बोटाखाली येतो. पुढं पाचवीत अपूर्णांक आल्यावर याचा उपयोग होतो, असं वरच्या शाळेतले गुरुजी सांगतात.

तास संपला की दहा मिनिटं कुणाशी न बोलता लिहायचं. पहिलीनं चित्र काढायचं. फोटो काढायचे तर शेवटी एकच. सगळा तास मोबाइल समोर धरला तर मुलं ओळंब्याकडं न बघता आपल्याकडं बघतात.

पायली आणि वाकळ

दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच आई-वडील ऊसतोडीला जातात. वस्तीवर आजी-आजोबा आणि मुलं उरतात. पालकसभेला कोणी नाही म्हणून तक्रार करत बसायचे हे महिने नव्हेत, आजींना बोलवायचे आहेत.

आजीच्या घरची मापं मागवा : चिपटं, मापटं, शेर, पायली. आमच्याकडं दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तुमच्याकडं नावं किंवा हिशेब वेगळा असू शकतो, आजीचं ऐका. मुलांनी वाळूनं भरून स्वतः पडताळायचं. मग खरा खेळ : एकच मापटं आधी बाजरीनं भरायचं, मग शेंगदाण्यानं, मग चुरमुऱ्यानं, आणि प्रत्येक वेळी तागडीत वजन करायचं. भांडं तेच, वजन वेगळं. आकारमान आणि वजन यांतला फरक सांगायला एरवी आपण फळ्यावर किती वेळ घालवतो! इथं सांगावा लागत नाही. भरताना माप शीग लावून भरायचं की सपाट, यावर दोन आज्यांचं भांडण लागलं तर लागू द्या. त्यातून मुलांना कळतं की माप ठरवून घ्यावं लागतं.

वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला दोन-तीन शनिवार लागतात. दाभण नको, मोठ्या सुया आणि जाड दोरा घ्या, आणि पहिलीला फक्त तुकडे रंगाप्रमाणं लावायला द्या. शिंप्याकडून कातरण फुकट मिळतं.

बी उगवतंय का?

आतापर्यंत गाव शाळेला देत होतं. आता शाळेनं गावाला काहीतरी खरं द्यायची पाळी. माझ्या मते ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि बहुतेक शाळांत तीच नसते.

आमच्याकडं रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पेरतात. बरेच जण घरचंच बी वापरतात. गणपतीच्या सुमारास मुलांनी घराघरांतून मूठभर बी आणायचं. पहिली अट : बी घरचं, काहीही न लावलेलं. विकतच्या पिशवीतलं गुलाबी-लाल बी औषध चोळलेलं असतं, त्याला मुलांचा हात लागता कामा नये. हे पालकांना आधीच घरी जाऊन सांगा. दुसरी अट : मूठ डोळे मिटून भरायची. नाहीतर मुलं टपोरे दाणे निवडून आणतात आणि आकडा खोटा येतो.

पद्धत कृषी विभागाचीच आहे, सोयाबीनसाठी गावोगाव दाखवतात. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे, बोटभर अंतरानं. वरून दुसरा ओला तुकडा, मग हलकी गुंडाळी आणि सुतळी. एका घरच्या बियांच्या तीन गुंडाळ्या करा, एकीवर विसंबू नका. सावलीत ठेवायच्या, रोज सकाळी पाणी शिंपडायचं, चिंब करायच्या नाहीत. आठवडाभरात उघडायच्या. मोड आणि मुळी दोन्ही नीट आलेलेच दाणे मोजायचे. नुसता फुगलेला दाणा मोजायचा नाही, यावर चौथी फार कडक असते.

दहा बाय दहाची ती चादर म्हणजे शतमानाचं चित्रच. रिकाम्या जागा मोजल्या की शंभरातून वजाबाकी. तीन गुंडाळ्यांची बेरीज करून तीनने भागलं की सरासरी. दुसरीचं मूलही ओळीओळीनं दहा-वीस-तीस मोजतं.

मग निकालाची चिठ्ठी, मुलाच्या अक्षरात, घरोघर : ‘आबा, तुमच्या ज्वारीचे १०० पैकी ८२ दाणे उगवले.’ खाली वर्गाचं नाव. आकडा कमी आला तर काय करायचं हे आपण सांगू नये. बी जास्त वापरायचं की बदलायचं हे सांगायला कृषी सहायकांना त्या आठवड्यात बोलवा. ते एरवीही गावात येतात, पण शाळेत त्यांना कुणी बोलवत नाही. ज्या घरात ही चिठ्ठी जाते त्या घरातल्या माणसाला पुढं शाळेच्या कामाला हाक मारावी लागत नाही, तो आपणहून विचारतो.

पाऊस आणि परसबाग

पर्जन्यमापक विकत घेऊ नका. पाण्याची सरळ बाजूची बाटली मान कापून घ्या, मान उलटी करून वर नरसाळ्यासारखी बसवा. तळ खडबडीत असतो म्हणून आत खडे टाका, खड्यांवर येईल इतकं पाणी घाला, तिथं शून्याची खूण करा आणि वर सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. उघड्यावर, झाड-भिंतीपासून लांब. रोज शाळा भरताना एका मुलानं वाचायचं आणि दाराशी फळ्यावर लिहायचं, मग पाणी शून्यापर्यंत काढायचं.

आमच्या दुष्काळी भागात या आकड्याला किंमत आहे. पीकविमा असो की दुष्काळ, सगळं महसूल मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर बोललं जातं, आणि ‘मंडळात पडला, आमच्याकडं थेंब नाही’ हे प्रत्येक पारावर ऐकू येतं. मुलांचा आकडा सरकारी कागदावर चालत नाही, हे स्पष्ट सांगा. पण पारावरची माणसं शाळेचा फळा वाचायला लागतात. पुढचं गणित : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर मुलांनी खालून जमिनीवर मोजायचं. आठ मीटर गुणिले सहा, म्हणजे ४८ चौरस मीटर. वीस मिलिमीटरची एक सर आली तर ९६० लिटर, थोडं वाया जातं ते सोडून. हा हिशेब चौथीनं शाळा व्यवस्थापन समितीपुढं मांडला आणि पन्हाळी बसली. पैसे मी मागितले नव्हते.

परसबागेबद्दल इतकं लिहिलं जातं की मी दोनच गोष्टी सांगते. पहिली, दिवाळीची सुट्टी धरून उलटी मोजणी करा. मेथी महिनाभरात तयार होते, कोथिंबीर-मुळ्याला दीड महिना धरा. सुट्टीत काढणीला येणारी भाजी शेळ्या खातात. दुसरी, धने रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरू नका, आणि वाफ्याला मुलांच्या हात धुण्याचं पाणी वळवा. भाजी पोषण आहारात जाते तेव्हा वजनकाटा मुलांच्या हातात द्या. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. आज ३१ मुलं, तर किती? स्वयंपाकीण मावशी हा हिशेब तोंडी करतात. त्यांच्याकडून तो शिकायचा, आपल्याकडून नाही.

बाजार भरवताना

बाल आनंद बाजार आता सगळ्याच शाळांत भरतो, आणि बहुतेक ठिकाणी आयांची पाककला स्पर्धा होऊन संपतो. समोसे, केक, रंगीत शामियाना, पाहुण्यांचं भाषण. हे टाळायला चार नियम : मांडायला घरचा किंवा शिवारातला माल, भांडवलाला मर्यादा, गाळ्यामागं एकही मोठं माणूस नाही, आणि व्यवहार फक्त रोखीत. शेवटचा नियम हल्ली फार लागतो. वडलांचा क्यूआर कोड चिकटवून बसलेलं मूल एकदाही सुटे पैसे परत देत नाही, मग बाजार भरवला कशाला? किराणा दुकानदाराकडून आदल्या दिवशी सुटे पैसे मोजून आणा आणि संध्याकाळी मोजून परत द्या. हे कामही मुलांचंच.

प्रत्येक गाळ्याची एक चिठ्ठी : आणायला किती लागले, विकून किती आले, उरलं काय. आईनं फुकट दिलेल्या शेवग्याच्या शेंगांची किंमत शून्य धरायची का, यावर वर्गात वाद होऊ द्या. तोटा झालेल्या मुलाला सगळ्यांत आधी बोलू द्या. त्याच्याकडं सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं.

यात्रेला येणारे

माण-खटाव, खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनं-चांदी गाळायच्या कामाला कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी पंजाबात. ही माणसं यात्रेला गावी येतात, आणि आल्या दिवशी पावतीपुस्तक त्यांच्या दारात असतं. आपण वेगळं मागा : भारताचा नकाशा घेऊन त्यांना शाळेत बसवा, ते राहतात तिथं टाचणी लावायची, तिथल्या भाषेत ‘जेवलास का?’ कसं विचारतात ते शिकायचं, गावाहून तिथं जायला किती गाड्या बदलाव्या लागतात ते लिहायचं. त्यांची मुलं सोबत असतील तर फारच छान. ती मल्याळम वाचून दाखवतात आणि आमची मुलं तोंडात बोट घालतात. पत्ता घ्या आणि मुलांकडून पोस्टकार्ड पाठवा. देणगी येते कधीकधी, न मागता. तिची पावती द्या आणि विषय तिथंच सोडा.

समिती, टाचण आणि आपण

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं २००९ मध्येच लिहून ठेवलंय. कागदावर त्या असतात. बैठकीला यायच्या असतील तर बैठक दुपारी बाराला ठेवू नका, मजुरीवरच्या बाईचा दिवस बुडतो. आम्ही रात्री साडेसातला देवळाच्या मंडपात घेतो, भाकरी उरकल्यावर. दर बैठकीत आधी पाच मिनिटं मुलांची : पावसाचा आकडा, बियांचा निकाल, बाजाराचा हिशेब. मग ठराव.

टाचणात, म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदवहीत, यातलं काही ‘उपक्रम’ म्हणून वेगळं लिहू नका. गवंड्याचा तास म्हणजे कोन आणि लांबी, पायली म्हणजे मापन, चिठ्ठ्या म्हणजे मराठीचं लेखन. त्या-त्या अध्ययन निष्पत्तीपुढं (मुलाला काय यायला हवं ते सांगणाऱ्या ओळीपुढं) तारीख टाका. केंद्रप्रमुख विचारतात तेव्हा मुलांच्या वह्याच पुढं करायच्या. ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांमागं कुरणात शाळा नेली होती, त्यापुढं गवंड्याला व्हरांड्यात बोलावणं किती सोपं.

महिन्याला एक माणूस पुरे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम सांभाळून दर आठवड्याला कुणी आणायचं ठरवलं तर ऑक्टोबरपर्यंत तुमचाच दम निघेल. मोठी हत्यारं, विहीर, वेल्डिंग हे लांबून बघायचं, आणि प्रथमोपचाराची पेटी उघडून तपासा. कापूस आहे की नुसता डबा आहे ते.

आणि वही कपाटात ठेवा, घरी नेऊ नका. आपली बदली होते तेव्हा चार्ज-यादीत खुर्च्या, सतरंज्या, गॅस सिलिंडर सगळं उतरवतात. त्यात एक ओळ या वहीची घाला, आणि नवीन बाईंना निदान दोन घरांच्या ओट्यावर स्वतः घेऊन जा.